जुम्मा मकतबचा, रविवार शाळेचा. मग मुलांचा वार कोणता?

प्रति,
कोकणच्या खाडीपट्ट्यातल्या जमातींच्या (गावोगावच्या मुस्लिम समाजाच्या) तालीम, म्हणजे शिक्षण, कमिट्या, त्यांच्या मुंबई शाखा, आणि कुवेत-कतार-सौदीतून शाळेसाठी दरमहा पैसे पाठवणारे आपले भाऊबंद

विषय: पहिली ते चौथीच्या मुलांना आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी मिळण्याबाबत

अस्सलामु अलैकुम.

याच विषयावर मी आमच्या कमिटीला दोनदा अर्ज दिला. पहिला अर्ज टेबलाच्या काचेखाली गेला, तो अजून तिथेच आहे. दुसऱ्यावर ‘पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ’ असा शेरा पडला आणि पुढची मीटिंग मशिदीतल्या वजूखान्याच्या (नमाजआधी हातपाय धुण्याच्या जागेच्या) टाइल्सवर संपली. आमचीच कमिटी अशी आहे असं नाही. आजूबाजूच्या चार गावांतल्या शिक्षिकांशी बोलले तर सगळीकडे तोच प्रकार. म्हणून आता हे उघड पत्र, आणि ते सगळ्याच कमिट्यांना.

मी जमातीच्या उर्दू प्राथमिक शाळेत चौदा वर्षं मराठी शिकवते आहे. माहेर आणि सासर एकाच गावातलं, त्यामुळे मकतबची, म्हणजे मुलांच्या कुरआनच्या वर्गाची, वाट मी दोन्ही बाजूंनी तुडवली आहे. आधी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, छातीशी धरून पळणारी पोरगी म्हणून आणि मग झोपाळू पोराच्या डोक्यावर टोपी बसवून त्याला दाराबाहेर ढकलणारी आई म्हणून. दीनच्या, म्हणजे धर्माच्या, तालिमीविरुद्ध कुणी लिहितंय असं वाटून पत्र बाजूला ठेवणार असाल, तर थोडं थांबा.

गेल्या महिन्यातली जुमेरात, म्हणजे गुरुवार. दुपारची शेवटची तासिका, चौथीचा वर्ग. एकेकाने उठून धड्यातल्या दोन ओळी वाचायच्या होत्या. एका मुलाची पाळी आली. मकतबात त्याचा सबक, म्हणजे धडा, सगळ्यांच्या पुढे असतो म्हणून वर्ग त्याला ‘हाफिजजी’ (कुरआन तोंडपाठ असलेला) म्हणतो. तो उठला, वही उघडली, बोट ओळीच्या उजव्या टोकाला ठेवलं आणि डावीकडे सरकवत नेलं. मग मान पुढे-मागे हलायला लागली, कुरआन ठेवायच्या रेहलपुढे बसल्यावर हलते तशी. डोळे मिटलेले. तोंडातून आलं, ‘काफ जबर क, मीम जबर म...’ मुलं खदखदून हसली. तो दचकला नाही. पुढच्या बाकावर डोकं टेकून तसाच उभ्या-उभ्या झोपला. मी त्याला बसवलं, खिडकी लोटून घेतली आणि बाकीच्यांना हळू वाचायला सांगितलं. घंटा झाली तेव्हा गालावर वहीच्या तारेचे वळ उठले होते आणि तो मला विचारत होता, ‘टीचर, मगरिब झाली का?’ मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज.

घरी येऊन मी त्याच्या आठवड्याचा हिशेब मांडला. हा हिशेब गावात आजवर कुणी मांडलेला नाही. शाळेचं वेळापत्रक शाळेच्या भिंतीवर असतं, मकतबचं मशिदीच्या फळ्यावर. दोन्ही एका कागदावर आणायचं कुणाचं काम आहे, हेच ठरलेलं नाही.

सोमवार ते जुमेरात शाळा साडेदहा ते पाच. त्याआधी सात ते साडेआठ मकतब. जुम्म्याला मकतब बंद, पण शाळा नऊ ते बारा. शनिवारी शाळा नऊ ते साडेबारा आणि त्याआधी परत मकतब. रविवारी शाळा बंद, म्हणून मकतब सात ते दहा, सलग तीन तास, कारण ‘आज मुलं मोकळी असतात’. शिवाय शनिवार ते बुधवार मगरिबनंतर तासभर संध्याकाळचा वर्ग. शाळेचे साडेबत्तीस तास, मकतबचे साडेपंधरा. एकूण ४८. यात शिकवणी धरलेली नाही, गृहपाठ धरलेला नाही.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याला एक परिशिष्ट आहे. त्यात शिक्षकाचा आठवडा किती तासांचा असावा ते लिहिलंय: ४५ तास, आणि तेही पाठाची तयारी धरून. म्हणजे नऊ वर्षांच्या पोराचा आठवडा कायद्यातल्या शिक्षकापेक्षा तीन तासांनी मोठा. आणि त्याला पगार नाही.

पण मला खरी बोच तासांची नाही. तो तक्ता पुन्हा वाचा. जुम्म्याला मकतबची सुटी तर शाळा असते. रविवारी शाळेची सुटी तर मकतब असतं. दोन्ही सुट्या एका वारी कधी येतच नाहीत. ईद, मे महिना आणि दिवाळीची सुटी सोडली, तर आपल्या मुलांना वर्षभरात उशिरापर्यंत लोळत पडायला मिळेल असा एकही दिवस नाही. एकही नाही. हे कुणी ठरवून केलेलं नाही, हे मी जाणते. शाळेने आपली सोय पाहिली, मकतबने आपली. मधल्या फटीत मूल चेंगरलं.

शनिवारचं मात्र ठरवून झालेलं आहे, म्हणून ते सविस्तर सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप होत नाही असं त्याआधी राज्यपालांनीच बोलून दाखवलं होतं. तोपर्यंत आमची शनिवारची शाळा साडेसातला भरायची आणि म्हणून शनिवारी सकाळी मकतब नसायचं. आदेश आला, शाळा नऊला गेली. मी मनातल्या मनात शुक्र केला. दुसऱ्याच आठवड्यात मशिदीच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं दिसलं: ‘हफ्ता के दिन भी मकतब सुबह ७ बजे’. उर्दूत हफ्ता म्हणजे शनिवार. सरकारने आपल्या पोरांना दीड तासाची झोप दिली आणि ती आपण आठ दिवसांत काढून घेतली. त्याच वर्षी शाळांना ‘आनंददायी शनिवार’ही आला, म्हणजे दप्तर बाजूला ठेवून खेळ, गाणी, हस्तकला. आमच्याकडे आनंददायी शनिवारी पहिली दहा मिनिटं मुलं जांभया देतात, नंतर कागदाच्या होड्या करतात. होड्या चांगल्या करतात, खाडीकाठची पोरं आहेत.

आता दुसरी बाजू. मकतबची तालीम कमी दर्जाची आहे, असं मला म्हणायचं नाही. उलट आहे. मकतबात जे चालतं त्यातलं बरंच काही आम्हा शाळेतल्या शिक्षकांना जमत नाही.

नूरानी कायदा घ्या. मौलाना पहिल्या दिवसापासून मुलांना अक्षराचं घर दाखवतात. कुठलं अक्षर घशाच्या तळातून, कुठलं मधून, कुठलं जिभेच्या मुळाशी, कुठलं दातांच्या मागे आणि ‘बे’, ‘मीम’ ओठांवर. याला ते मखारिज म्हणतात. मी तिसरीला मराठी वर्णमाला शिकवत होते. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असं फळ्यावर लिहिलं, क पासून प पर्यंत मुलांना म्हणायला लावलं आणि जीभ कुठे लागते ते सांगा म्हटलं. एक मुलगी उठून म्हणाली, ‘टीचर, हे तर मखारिजच!’ घशातून निघून ओठांवर येणारी तीच वाट. मी डी.एड.ला हे पाठ करून पास झाले होते. त्या पोरीला ते तोंडाच्या आत कळलेलं होतं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात ‘ळ’ मखारिजच्या पद्धतीने शिकवला जातो. उर्दूत हे अक्षर नाही, पण जीभ मागे वळवून टाळूला कुठे लावायची ते दाखवलं की दोन दिवसांत येतं. बाहेरून येऊन गावात स्थायिक झालेल्या घरांतल्या मुलांनाही.

किंवा सबक आणि आमोख्ता. रोज नवा सबक थोडाच, पण जुनं रोज घोटून घ्यायचं आणि जुमेरातीला नवं काहीच नाही, नुसता आमोख्ता. आठवड्याचा एक दिवस केवळ मागचं पक्कं करण्यासाठी. आमच्याकडे अभ्यासक्रम पुरा करायच्या घाईत हा दिवस कधीच निघत नाही. मग परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळे धावतात.

आणि तो संक्रांतीच्या सुमारासचा दिवस तर मी विसरणार नाही. तिसरी-चौथीला सावलीचा पाठ होता. मौलाना ऑफिसात कसल्या तरी सहीसाठी आले होते. विज्ञानाच्या सरांनी त्यांना सहज विचारलं की असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची, वेळ सावलीवरून कशी काढतात, ते मुलांना दाखवाल का. मौलानांनी पटांगणात एक मीटरची काठी रोवली. दुपारी पाऊणच्या पुढे सावली सगळ्यांत आखूड झाली तेव्हा मुलांनी ती मोजली. साधारण ८० सेंटीमीटर. ‘आता यात काठीची उंची मिळवा.’ १८०. ‘सावली इथवर आली की असर सुरू.’ खडूची रेघ मारली. मुलं दर पंधरा मिनिटांनी वर्गातून पळत जाऊन बघून येत होती. कुणी पाणी प्यायच्या निमित्ताने, कुणी निमित्ताशिवाय. चारला पाच मिनिटं कमी असताना सावली रेघेला टेकली आणि त्याच घटकेला मशिदीतून अजान झाली. चाळीस पोरांनी जो काही गिल्ला केला!

गंमत पुढे आहे. आपण कोकणी शाफई मजहबचे, म्हणजे पंथाचे. मौलाना बिहारचे, हनफी. हनफींची असर सावली काठीच्या दुप्पट वाढली की सुरू होते. मौलानांनी दुसरी रेघ २८० वर मारली आणि सांगितलं, ‘आमच्या गावात इथपर्यंत थांबतात.’ सावली तिथे पोचायला पावणेपाच वाजले. एकाने विचारलं, ‘मग बिहारमध्ये सूर्य उशिरा मावळतो का?’ मौलाना हसले, ‘अरे, तिकडे तर तुमच्याआधी मावळतो.’ झालं! सरांनी पृथ्वीचा गोल आणला. एका काठीवर भूमिती झाली, भूगोल झाला, नमाजची वेळ झाली आणि दोन मजहब एकाच पटांगणात मीटरभर अंतरावर सुखाने उभे राहतात हेही मुलांनी पाहिलं. नाहीतर आमच्या घराघरांतून दादी-नानी आणि मौलाना यांच्यात ‘आमीन मोठ्याने म्हणायचं की मनात’ यावर पोरांना साक्षीला धरून वाद चालतो.

तो दिवस मी एवढ्यासाठी सांगितला की त्या दिवशी मकतब आणि शाळा एका छपराखाली होती. एरवी मौलाना आणि आम्ही एकाच मुलाचे उस्ताद असून वर्षातून दोनदा भेटतो, १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला. त्याला शाळेत काय येत नाही हे त्यांना माहीत नसतं. मकतबात तो किती पुढे आहे हे आम्हाला माहीत नसतं. ‘हाफिजजी’ वर्गात मागे पडतो म्हणून एका वर्षी मी त्याच्या आईला चार शब्द ऐकवले होते. नंतर कळलं की अम्म पाऱ्यातल्या, म्हणजे कुरआनच्या शेवटच्या भागातल्या, बहुतेक सूरा त्याला तोंडपाठ आहेत. ज्या पोराची पाठांतराची ताकद एवढी, त्याला पाढे येत नाहीत याचा अर्थ पाढ्यांच्या वेळी तो जागा नसतो. एवढं साधं मला कळायला वर्ष गेलं.

भाषांचंही याच ओघात सांगते. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणायची की नाही यावरून महाराष्ट्रात केवढं रान उठलं होतं. एप्रिलमध्ये आदेश निघाला आणि जूनअखेर सरकारला तो मागे घ्यावा लागला. लहान मुलांवर तीन भाषांचं ओझं नको, असं भले-भले लोक म्हणत होते. बरोबरच होतं. आम्ही शिक्षकांच्या खोलीत बसून ऐकत होतो आणि एकमेकींकडे बघत होतो. आमचं मूल घरी कोकणी बोलतं, पुस्तक उर्दूत वाचतं, माझ्याकडे मराठी, पहिलीपासून इंग्रजी आणि मकतबात अरबी. दोन लिप्या उजवीकडून डावीकडे, दोन डावीकडून उजवीकडे. गणिताच्या उर्दू पुस्तकात तर ओळ एकीकडून चालते आणि तिच्यातला आकडा दुसरीकडून. आणि तरी मुलं शिकतात. खरंच शिकतात, शेजारच्या मराठी शाळेच्या बाईंना मी आमच्या पोरांच्या वह्या अभिमानाने दाखवते. मात्र हे सगळं डोक्यात मुरायला झोप लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात. मगरिबनंतर वर्ग, मग इशाची (रात्रीची) नमाज, जेवण, गृहपाठ, यात अकरा वाजतात आणि सहाला उठवतात. सात तास. सुटीच्या दिवशी भरून काढावी म्हटलं तर सुटीचा दिवसच नाही.

‘पण दीनसाठी थोडी तकलीफ काढायला काय झालं?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कुणाच्या तोंडून येणार हेही आधी ओळखते. मी आलिम नाही. पण बुखारी शरीफ या हदीससंग्रहातली एक गोष्ट मला मौलानांनीच सांगितली. हजरत इब्ने मसऊद रजियल्लाहु अन्हु दर जुमेरातीला लोकांना नसीहत करायचे. एक माणूस म्हणाला, तुम्ही रोज का नाही करत? ते म्हणाले, तुम्ही कंटाळाल म्हणून. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लमही आम्ही कंटाळू नये म्हणून नसीहतीत दिवसांचं अंतर ठेवायचे. ही मोठ्या माणसांची, सहाबांची (पैगंबरांच्या सोबत्यांची) गोष्ट आहे. त्यांच्यासाठी अंतर ठेवलं गेलं आणि आपण सात वर्षांच्या लेकराला एक दिवस सोडायला तयार नाही. नमाज चालू असताना मूल रडलेलं ऐकू आलं की हुजूर, म्हणजे पैगंबर, नमाज आवरती घ्यायचे, ही हदीस तर तुम्ही सगळ्यांनी खुत्ब्यात ऐकली असेल.

कुवेत, कतार, सौदीतल्या भावांनो, हे खास तुमच्यासाठी. तुम्ही जिथे राहता तिथे मुलांना सुटी कधी असते? सौदीत पूर्वी जुमेरात-जुम्मा असायची, २०१३ पासून जुम्मा-शनिवार. अमिरातीत २०२२ पासून जुम्म्याला अर्धा दिवस आणि शनिवार-रविवार बंद. वार बदलले, पण सलग सुटी कुणी मोडली नाही. मक्का-मदिना ज्या मुलखात आहे तिथलं मूल आठवड्यातून दोन दिवस निवांत झोपतं आणि आपलं दाभोळ-बाणकोटकडचं मूल एक दिवसही नाही. आपण त्यांच्याहून जास्त दीनदार झालो की काय? तुमची स्वतःची मुलं तिकडे कशी वाढतात ते तुम्हालाच माहीत. ग्रुपवर मात्र गावातल्या पोरांचे सूरे-यासीनचे व्हिडिओ आले की तुम्ही ‘माशाल्लाह’ टाकता. त्या व्हिडिओत पोराच्या डोळ्यांखाली बघा एकदा.

मागणं काय, तेही साफ लिहिते.

जिथे शाळा जमातीची आहे, तिथे दीनियात, म्हणजे धर्मशिक्षण, शाळेच्या वेळेतच घ्या. जागा आहे. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं हवं. म्हणजे दिवसाला चार तास. आपली शाळा साडेसहा तास चालते. जेवणाची सुटी, परिपाठ, खेळ वजा केले तरी त्या ८०० तासांना हात न लावता रोज पाऊण तास दीनियातला निघतो. मी तासिका मांडून पाहिल्या आहेत, कागद कमिटीकडे आहे. (काचेखाली बघा.) शाळा अनुदानित असेल तर घटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे धार्मिक शिक्षणाला पालकाची संमती लागते. ती लेखी घ्यायची, ज्यांना नको त्यांच्या मुलांना त्या वेळात वाचनालयात बसवायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र हे चालणार नाही. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही आणि त्यात पळवाटा शोधू नका. तिथे पहाटेचं मकतब बंद करून शाळा सुटल्यावर असर ते मगरिबमध्ये एकच वर्ग ठेवा. दोन वेळचा नको.

आणि रविवार मोकळा सोडा. जुम्मा का नको, असं विचाराल. जुम्म्याला सुटी असली तरी मूल मोकळं नसतं. जुमेरातीच्या रात्री नखं काढणं, सकाळी गुसल, इस्त्रीचा पांढरा कुर्ता, अत्तराचा फाया, सूरे-कहफ, मग नमाज, मग घरी पाहुणे आणि मटण-भात. तो आनंदाचाच दिवस आहे, मुलांना आवडतोही. पण त्यात पांढऱ्या कपड्यांना माती लागू द्यायची नसते. माती लागू द्यायला एक वार हवा.

मुलं रविवारी मोबाइल घेऊन बसतील, हा आक्षेप मला मान्य आहे. बसतील. काही जण खाडीवर कालवं काढायला जातील, काही क्रिकेट खेळतील, काही मुली आईबरोबर घावणे घालतील आणि काही दुपारपर्यंत झोपतील. मोबाइलचा बंदोबस्त आईबापांनी करायचा. त्यासाठी मकतबला राखणदार करू नका. मुलाला अडकवून ठेवायची जागा म्हणून ज्या दिवशी आपण मकतबकडे बघायला लागलो, त्या दिवसापासून त्याची कदर गेली. मी शिकले तेव्हा शेजारच्या एका बूढीमाँच्या ओटीवर शिकले. दुपारी तासभर, दहा-बारा मुली. चुकलं की ती कानाला हात लावायची आणि समजावून सांगायची आमच्याच कोकणीत. कुरआन खतम झाला तेव्हा आईने गावभर शिरा वाटला. बूढीमाँ तर आठवड्यातून दोन दिवस स्वतःच नातेवाइकांकडे जायची. माझं नाजरा (कुरआन बघून वाचणं) कच्चं राहिलं असं कुणी आजवर म्हटलेलं नाही.

एक गोष्ट मौलानांबद्दल. हे वेळापत्रक मुलांना जाचतं तसं त्यांनाही. पाच वेळा अजान, पाच वेळा इमामत, सकाळ-संध्याकाळ मकतब, मधे मय्यत, निकाह, कुणाच्या नव्या दुकानात दुआ. त्यांनाही आठवड्याची सुटी नाही. पगाराचा आकडा मी इथे लिहीत नाही, तुम्हाला तो माहीत आहे आणि लिहिला तर लाज तुमचीही जाईल आणि माझीही. २०२४ मध्ये सरकारने मदरशांत विज्ञान-गणितासारखे विषय शिकवणाऱ्या डी.एड. शिक्षकांचं मानधन ६,००० वरून १६,००० केलं, बी.एड.वाल्यांचं ८,००० वरून १८,०००. कुरआन शिकवणाऱ्याला सरकार देणार नाही, ते देणं जमातीचं आहे. दीनियात शाळेच्या वेळेत आली तर मौलानांना बाकीच्या उस्तादांसारखी खुर्ची, हजेरीपटावर नाव आणि मस्टरवर सही मिळेल. पैसे मशिदीच्या मार्बलनंतर उरले तर पगारही वाढवा. मौलाना हे कधी तोंडाने मागणार नाहीत. मी हे लिहिलं म्हणून त्यांना बोल लावू नका. त्यांना न विचारता लिहिलंय.

मुंबईच्या मंडळींतल्या काहींचं म्हणणं वेगळंच आहे, तेही कानावर आलंय: ही उर्दू शाळाच बंद करून इंग्रजी माध्यमाची ‘इस्लामिक स्कूल’ काढू, मोठं गेट, टाय, सकाळी आठ ते चार, वर हिफ्जचा (कुरआन पाठांतराचा) वर्ग. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. आत्ता इतकंच विचारते, आठला शाळा भरवायची म्हणता, मग चौथीपर्यंतच्या वर्गांसाठीच्या नऊच्या आदेशाचं काय करणार?

बैठक बोलवा. मी वेळापत्रकाचे दोन्ही कागद घेऊन येते, विज्ञानाचे सरही येतील, मौलानांनाही बोलवा आणि या खेपेला त्यांना फक्त सुरुवातीच्या तिलावतीपुरतं नाही. शक्यतो रविवारी सकाळी सातलाच ठेवा, मकतबच्याच खोलीत. म्हणजे त्या दिवशी मुलांना आत बसवता येणार नाही. बैठक दहापर्यंत लांबली तरी माझी हरकत नाही.

वस्सलाम,
खाडीकाठच्या एका जमातीच्या शाळेतली मराठीची शिक्षिका